एस्तेरच्या दोरीवरची शतकं

रूथचा फोन आला तेव्हा मी दुकानातल्या फळ्यावर दिवसाची यादी लिहीत होते. आधी कुठले ब्लाउज द्यायचे, कुठल्या परकराला नाडी घालायची राहिली, काज-बटणाला काय पाठवायचं. “शकूमावशी, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. अपेक्षित नव्हतं असं नाही. गेले काही महिने एस्तेर अंथरुणालाच होती. मी मशीन बंद केलं, फळा पुसला आणि त्यावर नवी यादी लिहिली. चर्चला कळवायचं, खुर्च्या, फुलं, येणाऱ्यांसाठी चहा, एस्तेरच्या नवऱ्याला, जयवंतरावांना, रक्तदाबाची गोळी. यादी पुरी झाली आणि मग लक्षात आलं, की अशा वेळी माझी यादी वाचून हसणारी बाई आता नाही. “तुला देवदूत न्यायला आले तरी आधी त्यांची हजेरी घेशील,” असं ती मला म्हणायची. त्या दिवशी हजेरी घेतली मी सगळ्यांची. सगळं नीट पार पडलं. आता काही आठवडे गेलेत, आणि जे कुठल्याच यादीत बसत नाही ते लिहायला घेतलं आहे.

आमची ओळख चिंध्यांमुळे झाली. आम्ही म्हैसूरचे जुने मराठी शिंपी. घरात विठ्ठल, देव्हाऱ्यासमोर मराठी अभंग, आणि बोलताना निम्मं कानडी. जयलक्ष्मीपुरमला माझं दुकान नुकतंच लागलं होतं. एक दिवस एक उंच बाई आली आणि पुस्तकातून शिकल्यासारख्या कानडीत, एकेक शब्द उचलून ठेवत, कापडाचे उरलेले तुकडे मागू लागली. तिच्या हातातल्या पिशवीवर मराठी अक्षरं होती. मी म्हटलं, “सरी, देते की. किती पायजेत? एवढे साकु का, पुरतील?” ती बघतच राहिली. मग म्हणाली, “बाई, तुमचं मराठी म्हणजे बिसीबेळे भात आहे, सगळं एकत्र शिजवलेलं.” मी म्हटलं, “मत्ते, मग तुमचं काय कोरडी भाकरी?” तिथून सुरू झालं ते.

ती नगरकडची मराठी ख्रिस्ती. नवरा जयवंतराव म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात बदलून आले आणि माझ्या दुकानामागच्या गल्लीत त्यांनी घर भाड्याने घेतलं. लग्नाआधीपासून ती शाळेत इतिहास शिकवत असे. मोठी रूथ हुशार, सगळ्यात पुढे. धाकटा अनुप नऊ-दहा वर्षांचा, बोलायला चुणचुणीत, पण पुस्तक समोर आलं की त्याची अक्षरं जागा सोडायची. त्यात इथे येऊन कानडी, इंग्रजी, हिंदी अशा तीन लिप्या एकदम अंगावर आल्या. वर्गात त्याला शेवटच्या बाकावर बसवत. डबा तसाच परत येऊ लागला. पोराने बोलणं कमी केलं तेव्हा एस्तेरने दोन्ही मुलांचं नाव शाळेतून काढलं आणि सांगितलं, यांना मी घरी शिकवणार.

तेव्हा असं कोणी करत नसे. शेजारी विचारायचे, आजारी आहेत का मुलं? जयवंतराव गप्प, म्हणजे अर्धे राजी. खरा प्रश्न होता आप्पांचा, तिच्या सासऱ्यांचा. ते निवृत्त मुख्याध्यापक आणि चर्चच्या कारभारी मंडळातले वडील, नगरला राहत. नातवाचं भलं मनापासून हवं असलेला आणि शिस्तीशिवाय ते होत नाही अशी खात्री असलेला माणूस. त्यांनी फोनवर सांगितलं, “एक वर्ष देतो, सूनबाई. मग मी स्वतः येऊन परीक्षा घेईन. पोरगं तयार नसेल तर माझ्याबरोबर येईल, वसतिगृहात राहील.” अनुपने हे दाराआडून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे चिंध्या न्यायला आला आणि त्याने विचारलं, “मावशी, वसतिगृहात रात्री दिवा ठेवतात का?”

मी एस्तेरला म्हटलं, वर्षच आहे हातात, तर यादी कर. गणित, व्याकरण, पाढे, रोज किती ते ठरव. तिने मान डोलावली आणि केलं भलतंच. सगळा अभ्यास तिने युरोपच्या मध्ययुगाभोवती बांधायचं ठरवलं, रोमचं राज्य मोडलं तिथपासून ते छापखान्यापर्यंत. मी म्हटलं, “अय्यो, त्या पोराला साधं वाचता येईना आणि तू हजार वर्षं मागे कुठे निघालीस?” ती म्हणाली, “म्हणूनच. तो अक्षरांना घाबरतो. मी त्याला अशा काळात नेते जिथे जवळजवळ कोणालाच वाचता येत नव्हतं. तिथे त्याला कोणी मागच्या बाकावर बसवणार नाही. मग हळूहळू त्याच्याबरोबर चालत छापखान्यापर्यंत येते. तोपर्यंत त्यालाच वाचावंसं वाटेल.” मी चिंध्यांचा आणखी एक गठ्ठा बांधून दिला.

आमच्याकडून नेलेल्या चिंध्यांचं काय होतं ते मग कळलं. तिने हॉलच्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. एकेका शतकाला एकेक हात जागा. जे शिकवून होईल त्याचं नाव एका कापडाच्या तुकड्यावर शाईने लिहायचं आणि चिमट्याने त्या जागी लावायचं. कापड मात्र कुठलंही चालत नसे. अनुपला ती माझ्याकडे पाठवायची आणि सांगायची, साधूंच्या मठाला शोभेल असं आण. तो दुकानात गठ्ठ्यात हात घालून चाचपत बसायचा आणि मांजरपाट उचलायचा. राजांना जरीचा काठ. महामारीच्या वर्षांना गोणपाट, कडा मेणबत्तीवर जाळून. चित्रकारांना निळं साटीन. चिमटे ठेवायला मी एस्तेरला पुढे मोठा खिसा असलेला एप्रन शिवून दिला. सकाळी स्तोत्र म्हणून, प्रार्थना करून ती तो बांधायची आणि शाळा भरायची. मठातल्यासारखी दिवसातून ठरावीक वेळी घंटा व्हायची. घंटा म्हणजे पितळी पातेलं आणि पळी. मुलांनी खिडकीला पतंगाचे कागद चिकटवून रंगीत काचा केल्या, कारण वाचता न येणारी माणसं बायबल काचांवर पाहायची. घरमालक म्हणाले, खिडकी कधी मोकळी करणार? एस्तेर म्हणाली, “अजून अंधारयुगात आहोत, थोडा उजेड आला की काढते.”

एकदा मी विचारलं, तुमच्या युरोपात हे चाललं होतं तेव्हा आमच्याकडे काय होतं? तिने खिशातून एक चिमटा काढून माझ्या हातात दिला. “तूच लाव.” मी घरून एक भगवी पट्टी आणली, तिला बुक्क्याचा ठिपका लावला आणि आमच्या शिंप्यांतले संत ज्या काळात कीर्तनाला उभे राहिले त्या जागी टांगली. ती पट्टी त्यांच्या साधूंच्या आणि राजांच्या मधोमध कायम राहिली. त्या आठवड्यात आम्ही मुलांना घेऊन बसने म्हैसूरजवळच्या सोसल्याला गेलो. तिथल्या जुन्या मठात एका वृद्ध गृहस्थांनी ताडपत्राची पोथी लांबून दाखवली. अनुपने मला विचारायला लावलं, नक्कल करताना चूक झाली तर? ते हसले. म्हणाले, मग पुढचा नक्कल करणारा ती चूकसुद्धा मन लावून उतरवतो. परतताना बसमध्ये अनुप पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, “आई, एवढे मोठे लोक पण चुकायचे.”

दोरीवर एक काळा तुकडाही होता, कोटाच्या अस्तराचा. क्रूसाच्या नावाने झालेल्या लढायांचा. मी म्हटलं, तुमच्याच धर्माचं हे, मुलं लहान आहेत, गाळलंस तर कोण विचारतंय? एस्तेर शांतपणे म्हणाली, “आपल्या घरातलं खोटं मुलांना बाहेरून कळू नये. मी त्यांना विचारायला शिकवते की या सगळ्यात ख्रिस्ताच्या सांगण्याप्रमाणे कोण वागलं. पुष्कळदा मोठी नावं सोडून एखादी आजाऱ्यांना पाणी देणारी बाई सापडते.”

वर्ष भरलं आणि आप्पा आले. पाहुणा आला म्हणून कामवाली सण्णम्मा सकाळी लवकर येऊन घर झाडूनपुसून लख्ख करून गेली. मी इस्त्रीचे शर्ट द्यायला पोचले तेव्हा एस्तेर मोरीच्या दारात बादलीकडे बघत उभी होती. हॉलमधली दोरी रिकामी. सण्णम्मा मागच्या अंगणात घाबरून उभी… “कोळे बट्टे अंत ओगेदे, अक्का.” दोरीवरचे मळके कपडे समजून तिने सगळी हजार वर्षं साबणाच्या पाण्यात चोळून पिळून ठेवली होती. शाई पार गेलेली. सगळी नावं, सगळ्या जागा, सगळं कोरं.

आप्पा हॉलमध्ये खुर्चीवर, गुडघ्यावर बायबल, हातात घड्याळ. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. रूथ रडायलाच लागली. “आता मी वाचू तरी काय?” एस्तेरने एप्रनच्या खिशात हात घातला होता आणि आत चिमटे वाजत होते. माझ्या डोक्यात वसतिगृहात न्यायच्या सामानाची यादी सुरू झाली होती, खोटं कशाला सांगू.

अनुप बादलीजवळ उकिडवा बसला. त्याने आत हात घातला, दुकानात घालायचा तसाच, न बघता. एक तुकडा काढला, दोन बोटांत चोळला. “मांजरपाट. मठ.” उठून खिडकीजवळ गेला, आईकडून चिमटा घेतला, लावला आणि सांगायला लागला. साधू पहाटे उठून काय करायचे, कुठल्या हातात लेखणी, थंडीत शाई कशी गोठायची. मग जरीचा काठ. मग भगवी पट्टी, तिच्यावरचा बुक्का गेलेला, तरी “ही शकूमावशीची, हिची जागा इथे.” पाणी ठिबकत होतं आणि शतकं एकामागून एक लागत होती. रूथचं रडणं थांबलं. ती राहिलेल्या सनावळ्या सांगू लागली. काळा तुकडा आला तेव्हा आप्पांनी काठी आपटली. “हे कशाला शिकवलं? एवढं चांगलं असताना?”

एस्तेर बोलायला गेली, पण अनुप आधी बोलला. “आप्पा, हे काढलं तर पुढचं लागतच नाही. इथे काही बिघडलंच नसेल, तर पुढे लोक चर्च सुधारा म्हणून का सांगतील?” आणि काळा तुकडा त्याने दोन चिमट्यांनी लावला.

आप्पांनी काठी खाली ठेवली. गोणपाट झालं, साटीन झालं, शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी पांढरं कांजीचं कापड, त्यावर मी मशीनने टीप मारलेल्या ओळीच ओळी. “हा छापखाना. आता पुस्तक सगळ्यांच्या घरी जाणार, आपापल्या भाषेत.” मग तो आप्पांपाशी गेला, त्यांच्या गुडघ्यावरचं बायबल उघडलं आणि बोट ठेवून मराठीतली एक ओळ वाचली. अडखळत, मध्ये थांबत, पण एकही शब्द न गाळता. ओळ संपली तेव्हा आप्पांचं बोट त्याच्या बोटाशेजारी होतं. किती वेळ लागला ते घड्याळात बघायचं सगळेच विसरले. आप्पांनी चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, “सूनबाई, पुढच्या वर्षी कुठून सुरू करणार?”

पुढची वर्षं होत गेली. छापखान्याच्या पुढची शतकं घेत दोरी मागच्या दारातून अंगणात गेली. रूथ डॉक्टर झाली. अनुप मुक्त शाळेतून दहावी झाला तेव्हा एस्तेरने गल्लीभर म्हैसूरपाक वाटला. आता तो जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करतो. वाचायला त्याला अजून वेळ लागतो आणि ते तो कोणापासून लपवत नाही. हूटगळ्ळीला स्वतःचं घर झालं तिथेही आधी दोरी बांधली गेली, मग पडदे. शेजारपाजारची कितीतरी मुलं त्या दोरीखालून गेली. त्या परीक्षेनंतर एस्तेरने तुकड्यांवर पुन्हा कधी शाईने लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणायची, “कशाला? पाठ होईपर्यंत विचारू देत.”

मागच्या रविवारी मी हूटगळ्ळीला गेले. रूथ-अनुप आले होते, आवरायचं होतं, म्हणून यादी घेऊनच गेले. एप्रन दाराच्या खुंटीवर होता, खिशात चिमटे. आजारपणात कोणाचं लक्ष नव्हतं, दोरीवरच्या कापडांवर धूळ बसली होती. मदतीला आलेली सण्णम्मा, आता केस पांढरे झालेली, त्या दोरीखाली येऊन हळूच म्हणाली, “अनुपप्पा… हे धुवू का नको?”

एस्तेर गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा सगळे हसलो. जयवंतरावसुद्धा.

“धुवा, सण्णम्मा,” अनुप म्हणाला. “आम्हाला पाठ आहे.”

मी यादी पर्समध्ये ठेवली, एप्रन बांधला आणि चिमटे हातात घेऊन पहिलं शतक लागतं त्या खिडकीपाशी उभी राहिले.