खंड्याचे बीळ

सालेकसा स्टेशनवर बाबांनी माझी ट्रंक सकाळच्या पॅसेंजरमध्ये स्वतः चढवली. मग खिडकीशी येऊन एवढेच म्हणाले, "शिकून घेजो. गावाची फिकर करू नोको." स्वातंत्र्याला सहा-सात वर्षे झाली होती. कॉलेजसाठी नागपूरला निघालेली गावातली पहिली मुलगी मी. पण निरोपाला कोणी आले नव्हते. त्याचे कारण मी तुमच्या आईलाही सांगितलेले नाही.

मुलांनो, तुम्ही टोरांटोहून विचारता, आजी, जिथे जाशील तिथे खंड्याचेच फोटो का काढतेस? म्हणून लिहिते.

गावचा तलाव आमच्या घराण्याने बांधलेला. धानाची सगळी शेती त्याच्यावर. तलावाची राखण करणाऱ्याला पाणकर म्हणत. पावसाआधी तो पाळीवरचे, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरचे, एकेक बीळ शोधून माती ठोकून बुजवायचा. खेकड्यांची, उंदरांची, आणि खंड्याने कोरलेलीसुद्धा. आमचा पाणकर सुखराम. मॅट्रिक झाले म्हणून मामांनी दिलेला बॉक्स कॅमेरा घेऊन मी खंड्याच्या एका बिळासमोर रोज बसे. निळी पाठ, तपकिरी डोके, चोचीत बेडकी. आत पिले होती.

"लगन लागून राहिलं का पाखराचं, बाई? रोज फोटू!" सुखराम हसायचा.

ते बीळ एवढ्यात बुजवू नकोस, असे मी त्याला विनवले.

"पाणी थांबते का तुह्या पाखरासाठी?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "बरं. उडाले का त्याच दिवशी सांगजो."

पिले उडाली. मी त्या आनंदात रोल धुवायला गोंदियाला मावशीकडे गेले, ती पंधरा दिवस तिथेच रमले. सांगायचे राहून गेले. परतले तेव्हा पाळ नेमकी त्याच जागी फुटली होती. नुकती रोवणी झालेल्या बांध्यांवर, भाताच्या खाचरांवर, गुडघाभर गाळ. त्या वर्षी गावाने मोहफुलांवर दिवस काढले. मी नागपूरला निघाले तेव्हा स्टेशनवर यायचे कोणाला सुचणार?

आमच्याच ओसरीवर पंच बसले. एक बीळ सुटलेच कसे? मी दाराआड उभी होते.

"चुकलं माह्याकडून," सुखराम म्हणाला. माझे नाव त्याने घेतले नाही. मीही घेतले नाही. आठवड्याभरात तो बायको-लेकरांना घेऊन रायपूरकडे निघून गेला.

बी.ए. झाल्यावर धीर करून बाबांना सांगितले. ते दोर वळत होते. हात थांबले नाहीत.

"मले मालूम हाय. सुखरामनं पाळ फुटली त्याच दिवशी सांगतलं होतं. मीच म्हटलो, पोरीचं नाव काढू नोको. तिची जिंदगी खराब होईन."

"अन् त्याची?"

बाबा दोर वळत राहिले.

पुढे नोकरी, लग्न, प्रवास. केरळच्या खाडीकाठी, तुमच्या ओंटारिओच्या सरोवरावर खंड्या दिसला की कॅमेरा आपोआप वर जातो. फोटो चांगले येतात. भिंतीवर एकही लावलेला नाही. रायपूरला तीनदा जाऊन सुखरामची चौकशी केली. पत्ता लागला नाही.

माझे घर कोणते, असे तुम्ही विचारता. जिथे माझी चूक आम्ही तिघांनी मिळून झाकली, ते. अजूनही गेले की भाऊ पाट मांडतो, वहिनी गरम भात वाढायला घेते. सुखरामला मात्र त्या गावात परत कोणी बोलावले नाही. म्हणून मी सकाळी जाते, सगळ्यांना भेटते, आणि न जेवता परत येते.