धोंड्याच्या महिन्यात साखर

माझी साखर निघाली ती नेमकी धोंड्याच्या महिन्याच्या तोंडावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोड बंद करा, रोज चाला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तेव्हाही उतरली नसेल, तर गोळ्या सुरू." मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, सर्दीतापाशिवाय कधी रजा घेतलेली नाही. मला भीती वाटायच्या आधी रागच आला. त्याच तिरमिरीत नवे बूट घेतले आणि जॉगिंग ट्रॅकवर असा तरातरा चालू लागलो की टाचेला फोड आला. चहातली साखर गेली. ऑफिसात पेढ्यांचा बॉक्स फिरला की मी खिडकीबाहेर बघायचो.

आणि देवळ्याहून सासूबाईंचा फोन आला, "धोंडे खायला या." तीन वर्षांनी अधिक महिना येतो, तेव्हा जावयाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, ही रीत. बायको म्हणाली, "आईला खरं काय ते सांगून टाका."

"खबरदार!" मी म्हटलं. खरं तर मला लाज वाटत होती. चाळिशीतच साखर लागलेला जावई कोण मिरवणार? एक दिवस खाईन आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट चालेन, असं मी ठरवून टाकलं.

सासऱ्यांना तर जुनी साखर. पायाचं एक बोट तिनंच खाल्लेलं. त्यामुळे घरात गोडधोड असलं की त्यांचं ताट आत, फ्रिजजवळ. भाकरी आणि मेथीची भाजी. त्यांचा हात पुरणापर्यंत पोचू नये म्हणून सासूबाईंनी केलेली सोय. बाहेर आमची पंगत हसतखिदळत जेवायची.

त्या दिवशी मला पाटावर बसवलं. सासरे परात घेऊन पाय धुवायला बसले आणि टाचेशी त्यांचा हात थांबला. फोड चांगलाच चिघळला होता. दुखत नव्हता, म्हणून मी लक्षच दिलं नव्हतं.

"दुखतं का?"

"नाही."

"नाय?" त्यांनी मान वर केली. "माझं बोट बी असंच न दुखता गेलं. जावईबापू, साखर किती निघाली?"

थाप मारायची फार इच्छा होती, पण पाय त्यांच्या हातात होता. मी सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांनी तिथूनच स्वयंपाकघराकडे हाक दिली, "ऐक ना! यास्ले बी साखर शे!" सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बायकोला मात्र हसू आवरेना.

सासऱ्यांनी स्वतःचं मलम आणलं, पट्टी बांधली, वर दम भरला, "उद्याच डॉक्टरला दाखवा. हे बूट घालायचे नाय. रोज झोपताना पाय बघायचे." सासूबाई रीत सोडायला तयार नव्हत्या, शेवटी तह अर्ध्या धोंड्यावर झाला. उरलेल्या अर्ध्याकडे सासऱ्यांनी असं काही पाहिलं की त्यातला एक घास त्यांनाही मिळाला. मग माझं ताट उचलून आत, फ्रिजजवळ गेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासरे माझ्याशी इतके कधी बोलले नव्हते. भाकरी संपली तरी चाळीत साठवलेल्या कांद्याच्या गोष्टी संपेनात.

टाच बरी झाली, तसा मी जुन्या चपला घालून हळूहळू चालू लागलो. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. साखर उतरली होती, गोळ्या टळल्या. लॅबच्या पायरीवरूनच मी सासऱ्यांना फोन लावला.

"वा! जिंकलात!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की मी फोन कानापासून लांब धरला. मग आवाज उतरवून विचारलं,

"म्हणजे आता पुढच्या आखाजीला तुम्ही बाहेरच्या पंगतीत बसणार?"

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी देवळ्याला खापरावरची पुरणपोळी असते, आमरस असतो, सगळ्या लेकीजावयांची गर्दी असते. इतकी वर्षं हा माणूस त्या दिवशी आत एकटा जेवत होता.

"नाही मामा," मी म्हटलं. "मामींना सांगा, फ्रिजजवळ दोन ताटं मांडा."