तिन्ही प्रती तालमीच्या

तो कारखान्यांसाठी वीस-वीस मिनिटांचे माहितीपट करायचा, ज्यांच्या प्रेक्षकांना बघण्याच्या वेळेचाही पगार मिळे. उरलेल्या वेळात ब्लॉग लिहायचा. कॅमेरे, संस्कृती, पडद्याचं भवितव्य हे विषय. वाचक सात-आठ, बायको धरून. लोक वाचत तो एकच लेख: ‘तीन प्रती’. शूटिंग संपलं की कॅमेऱ्यातल्या कार्डावरचा माल तीन ठिकाणी उतरवायचा, मगच कार्ड कोरं करायचं. दोन कॉलेजांनी तो मुलांना नेमला होता. अनोळखी माणसं त्याला ‘तीन प्रतीवाले सर’ म्हणत आणि तो नको नको म्हणत ऐकून घेई.

एका कारखान्यातला सगळ्यात जुना टर्नर निवृत्त होणार होता. त्याचा लेथवरचा शेवटचा दिवस टिपायचं काम याच्याकडे आलं. आदल्या दिवशी तालीम, दुसऱ्या दिवशी खरं. दोन्ही दिवसांची दोन कार्डं. याने तालमीचं कार्ड तीन ठिकाणी उतरवलं, तिन्हींवर सुवाच्य अक्षरात ‘शेवटचा दिवस’ लिहिलं आणि खरं कार्ड कोरं करून पुढच्या कामाला वापरलंसुद्धा.

आठवड्याने तो संकलनाला बसला, तर पडद्यावर टर्नर विचारत होता, “उद्या हाच शर्ट घालू का?”

बायको शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. “अहो, मग दुसरी प्रत बघा ना.”

“तीच आहे.”

“आणि तिसरी?”

त्याने तिसरी लावली. पुन्हा तोच शर्टाचा प्रश्न.

“लावून द्या तालीमच. कोणाला कळतंय?”

“त्याला कळेल. मशीन शेवटचं बंद करायचं त्याने खऱ्या दिवसासाठी ठेवलं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टर्नरच्या घरी गेला. टर्नर डुगडुगणाऱ्या स्टुलाचे पाय व्हर्नियरने मोजत होता. याने सगळं सांगितलं.

“तिन्ही?”

“तिन्ही.”

“नीट उतरल्यात?”

“एकदम.”

टर्नरने व्हर्नियर मिटलं. “मशीन बंद केलेलं बघायला आमच्या हिला आवडलं असतं,” तो म्हणाला आणि बराच वेळ स्टूल हलवून बघत बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “मी एकदा शंभर नग काढले. एकेक तीनदा मोजला. केसाचाही फरक नाही. ज्यावरून काढले ते ड्रॉइंग मात्र दुसऱ्याच जॉबचं.”

“मग?”

“जेवणाच्या सुट्टीत भंगारात टाकले. आज पहिल्यांदा बोलतोय कोणापाशी. त्या ब्लॉगवर नका हं टाकू. नातीला कॉलेजात आहे तुमचा लेख. माझा आजोबा तसाच काम करायचा म्हणून सांगत फिरते.”

निरोप समारंभात तालीमच दाखवली, शर्टाच्या प्रश्नासकट. फिल्म संपली तेव्हा लेथ फिरतच होता.

“बंद केलेलं कुठंय?” टर्नरच्या बायकोने विचारलं.

“कशाला? चालूच बरं दिसतंय,” टर्नर म्हणाला.

याची सुटका झाली होती. घरी येऊन त्याने ‘तीन प्रती’च्या माथ्यावर लिहिलं: प्रती काढण्याआधी कार्डावर काय आहे ते बघावं. मी बघितलं नव्हतं. एका टर्नरचा शेवटचा दिवस माझ्या हातून कायमचा पुसला गेला आहे.

बायकोने वाचलं. “एखादं उदाहरण टाका की पुढे. कोरडं वाटतंय.”

त्याला ते शंभर नग आठवले. “नाहीये,” तो म्हणाला, आणि तसंच ब्लॉगवर टाकलं.