आखूड फोरहँड

“गोल्फर्स एल्बो,” डॉक्टर म्हणाले. म्हणताना ते संगणकाच्या पडद्याकडे बघत होते. माझा उजवा हात त्यांच्या टेबलावर उताणा पडला होता, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

“पण मी टेनिस खेळते,” मी म्हणाले.

“मग टेनिस एल्बो व्हायला पाहिजे होता,” असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर हसले. मागे उभा असलेला कंपाउंडरही हसला. त्याला हसावंच लागत असणार, नोकरीचा प्रश्न होता.

ज्यांना हे दुखणं झालंय किंवा होणार आहे, त्यांच्यासाठी जे डॉक्टरांनी सांगितलं नाही ते मी सांगते. या आजाराचं खरं नाव मीडियल एपिकॉन्डिलायटिस. हात उताणा धरला की कोपराचं जे हाड अंगाच्या बाजूला टोचतं, तिथे मूठ आवळणारे आणि मनगट आत वळवणारे स्नायू येऊन चिकटतात. त्या जोडावर रोज गरजेपेक्षा जास्त ताण आला की तो आतून झिजतो, बारीक बारीक फाटतो. हेच कोपराच्या बाहेरच्या अंगाला झालं की त्याला टेनिस एल्बो म्हणतात. नावात खेळ असले तरी हा आजार खेळ विचारून येत नाही. पाना फिरवणाऱ्या फिटरला होतो, कणीक मळणाऱ्या बाईलाही होतो.

माझी सुरुवात फरशीचं फडकं पिळताना झाली. कोपरात आतून एक कळ गेली. मग दाराची मूठ फिरवताना, मग स्कूटरची रेस देताना. हात आहे, दुखायचाच, म्हणून मी सोडून दिलं. पुढे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, तेव्हा मात्र मी दवाखाना गाठला.

मी सुप्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहे. मोटरचं एकच बेअरिंग पुन्हा पुन्हा जात असेल आणि फिटर नुसतं बेअरिंग बदलून चहाला निघाला, तर मी त्याला चार माणसांत झापते. आधी शाफ्ट सरळ आहे का बघ, म्हणते. बेअरिंग बिचारं दुसऱ्याच्या पापाने जळत असतं. माणसाच्या कोपराला हा नियम लागू आहे हे ऑर्थोपेडिकच्या पदवीत शिकवत नसावेत.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, दिसत नाही, तरी काढला. मग स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. स्टेरॉइड म्हणजे सूज आणि दुखणं दाबणारं औषध. मी ‘दाबणारं’ म्हणतेय, ‘बरं करणारं’ नाही, हा शब्द लक्षात ठेवा. तेव्हा मला कुणी फरक सांगितला नाही. आठवड्याभरात कोपर लोण्यासारखं मऊ चालायला लागलं, मी पुन्हा कोर्टवर गेले, आणि पावसाळा संपेपर्यंत दुखणं पहिल्यापेक्षा दुपटीने परत आलं.

आता आमच्या जिमखान्याबद्दल. तिथे सकाळी जे चौघे-पाचजण दुहेरी खेळतात, त्यांच्यातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलेलं आहे. निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, तीळतेल आणि सुंठ. एक बिल्डर म्हणाले, रॅकेट बदला, माझ्यासारखी घ्या. त्यांची रॅकेट खरंच भारी आहे. तिच्यातून बॉल जाळीपलीकडे गेलेला मात्र मी क्वचितच पाहिला. गॉगल लावणारा कोच म्हणाला, “मॅडम, मनगट सोडा. सगळी जादू मनगटात असते.” तो हे सगळ्या पोरांना शिकवतो. त्या पोरांची कोपरं आणखी काही वर्षांनी कुणाच्या तरी टेबलावर उताणी पडतील, तेव्हा कोच दुसऱ्या गावी कोचिंग करत असेल.

या सगळ्यांना मी मनातून केराची टोपली दाखवली. एका माणसाला दाखवता येत नव्हती. पप्पांना.

माझे पप्पा मूळचे श्रीरामपूरकडचे. भिंगारला लष्कराच्या एका डेपोत स्टोअरकीपर होते. साहेब लोकांच्या कोर्टवर बॉल उचलता उचलता ते टेनिस शिकले आणि मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून त्यांनी मला शिकवलं. आई गेल्यावर आम्हा दोघांत बोलायला फारसं काही उरलं नाही. ना त्यांना माझी नोकरी कळते, ना मला त्यांची भजनं. पण रविवारी चर्चहून आल्यावर आम्ही कोर्टवर जातो. ते आता पळत नाहीत, एका जागी उभे राहून बॉल टाकतात, मी मारते, आणि प्रत्येक फटक्याला ते ओरडतात, “आखूड! आखूड मार!” आमचं एकमेकांशी बोलणं ते एवढंच. मला बरं व्हायचं होतं ते त्या रविवारसाठी. स्पर्धाबिर्धा मी कधी खेळले नाही.

कोपर पुन्हा बिघडल्यावर पुण्याच्या मोठ्या सर्जनकडे गेले. त्यांनी एमआरआय सांगितला, ज्यात कंडरा आणि स्नायू दिसतात. शिवाय नर्व्ह कंडक्शन टेस्ट. यात हाताला बारीक बारीक शॉक देऊन नस संदेश किती वेगाने नेते ते मोजतात. फार दुखत नाही, पण कुणीतरी आपल्याला विजेची वस्तू समजून तपासतंय असं वाटतं. कोपर कशावर आपटलं की जिच्यातून झिणझिण्या जातात, ती अल्नर नर्व्ह माझ्या कोपरापाशी दबायला लागली होती.

सर्जन चांगले हुशार होते. त्यांना ते माहीतही होतं. “ऑपरेशन करून टाकू,” ते म्हणाले. “आणि टेनिस आता बंद. या वयात कशाला हवंय?”

माझं वय एक्केचाळीस. त्यांच्या मागे भिंतीवर त्यांचाच मॅरेथॉन पळतानाचा फोटो होता, आणि त्यात ते माझ्यापेक्षा नक्कीच लहान नव्हते. मी विचारलं, ऑपरेशननंतर पुन्हा तसंच खेळले तर पुन्हा होईल का? ते म्हणाले, “म्हणून तर खेळू नका म्हणतोय.” म्हणजे यांनीही बेअरिंगच बदलायचं ठरवलं होतं, वर मशीनही बंद करून टाकायचं. कशाने झालं हे त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही.

बाहेर वेटिंग रूममध्ये शेजारी आमच्या नगरच्याच एक बाई बसल्या होत्या. त्यांचं पोळीभाजी केंद्र आहे आणि त्यांचं कोपरही माझ्यासारखंच गेलेलं. त्या म्हणाल्या, “ऑपरेशनच्या आधी सावेडीतल्या शेख मॅडमकडं जाऊन या. मला त्यांनी पोळपाट घेऊन बोलावलं हुतं.” मला हसू आलं. पण पोळपाट घेऊन बोलावणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती, म्हणून गेले.

शेख मॅडम फिजिओथेरपिस्ट. फोनवर म्हणाल्या, “येताना रॅकेट आणा.” इतक्या दिवसांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी रिपोर्ट वाचले, कोपर दाबून पाहिलं, मग बॉलशिवाय फोरहँड मारायला लावला. पुन्हा. पुन्हा. त्या कोपराकडे बघतच नव्हत्या, माझ्या पायांकडे बघत होत्या. मग मोबाईलवर चित्रण करून सावकाश चालवून दाखवलं.

“बघा, तुमचे पाय झोपलेत, कंबर झोपलीय, खांदाही झोपलाय. मनगट एकटं राबतंय,” त्या म्हणाल्या. “एकत्र कुटुंबातली सून आहे ती. एक दिवस आजारी पडणारच.”

मग त्यांनी जे समजावलं त्याला कायनेटिक चेन म्हणतात, म्हणजे बळाची साखळी. फोरहँडचं बळ हातात तयार होत नाही. ते पायाने जमीन दाबल्यावर निघतं, गुडघ्यातून कमरेत येतं, कंबर फिरते, तिच्यामागून छाती आणि खांदा फिरतो, आणि हात सगळ्यात शेवटी ओढल्यासारखा येतो. मनगटाने फक्त रॅकेट स्थिर धरायची. पण त्यासाठी बॉल यायच्या आधी खांदा बाजूला वळलेला पाहिजे आणि बॉल शरीराच्या पुढे भेटला पाहिजे. मी खांदा वळवतच नव्हते. छाती जाळीकडे, कोपर बरगडीला चिकटलेलं, बॉल अंगाशी आला की मनगटाचा एक झटका. त्या झटक्याची किंमत माझं कोपर वर्षानुवर्षं देत होतं.

“खांदा मागे का जात नाही तुमचा?” त्यांनी वैतागून विचारलं. “मागे भिंत आहे का?”

होती. मागे खरंच भिंत होती.

भिंगारच्या क्वार्टर्सच्या मागे आमचं परस होतं. पुढे गोदामाची आंधळी भिंत, मागे आमच्या न्हाणीघराची, मधे थोडीशी फरशी. पप्पांनी मला तिथे शिकवलं. गोदामाच्या भिंतीवर बॉल मारायचा, तो परत आला की पुन्हा मारायचा. रॅकेट मागे नेली की ती न्हाणीघरावर आपटायची. ती रॅकेट एका मेजरसाहेबांनी जाताना दिलेली होती, दुसरी मिळणार नव्हती. म्हणून पप्पांनी नियम केला: रॅकेट मागे न्यायची नाही. आखूड मारायचं. आम्ही ते क्वार्टर सोडून किती वर्षं झाली. मी मोकळ्या कोर्टवर उभी असायचे, मागे जाळीचं कुंपण लांब असायचं, आणि पाठीला मात्र न्हाणीघर घेऊन खेळायचे.

मॅडमनी व्यायाम दिला. एक्सेंट्रिक म्हणतात त्याला. छोटं वजन दुसऱ्या हाताने वर न्यायचं आणि दुखऱ्या हाताने अगदी सावकाश खाली सोडायचं. उचलण्यात काही नाही, सोडण्यात सगळं औषध आहे. कंटाळवाणा प्रकार आहे, पण करा. टेनिस बंद, आरशासमोर खांदा वळवणं सुरू. डावा हात रॅकेटच्या गळ्याशी ठेवायचा आणि दोन्ही हातांनी मिळून मागे जायचं, म्हणजे खांद्याला वळावंच लागतं. मूठ सैल, पाखरू धरल्यासारखी. सर्जननी दिलेली ऑपरेशनची तारीख मी पुढे ढकलली. बोटांचा बधिरपणा वाढला तर मात्र ऑपरेशनच, हे मॅडमनी बजावून सांगितलं होतं.

शेख मॅडमचं सगळं पप्पांना सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते.

“ती पोरगी कधी टेनिस खेळलीय का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मंग? आमी साहेब लोकांचा खेळ बगून शिकलो. लई मोठमोठे खेळाडू बगितले. तिनं काय बगितलं?”

“माझे पाय बघितले, पप्पा. आणि विचारलं, मागे भिंत आहे का.”

त्यांनी पेपर खाली केला. त्याची नीट घडी घातली. मग आवाज चढवून म्हणाले, “मंग रॅकेट तुटू द्यायची हुती का? दुसरी कुटून आनली असती मी?”

या सगळ्या प्रकरणात मी ज्या ज्या माणसाला भेटले त्याची कीव केली, कुचेष्टा केली. इथे मात्र कुचेष्टेला जागा नव्हती. ते बरोबर बोलत होते. त्या फरशीवर दुसरा कुठला फोरहँड मारताच आला नसता. गॉगलवाला कोच अख्खं कोर्ट मोकळं असताना चुकीचं शिकवतो. पप्पांनी न्हाणीघर आणि गोदाम यांच्यामधे, एका जुन्या रॅकेटवर, मला खेळ दिला. मी हे त्यांना म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, “चहा टाकू का?” ते म्हणाले, “नगं.”

त्यानंतर किती तरी रविवार ते चर्चहून सरळ घरी गेले. मी एकटी कोर्टवर जायचे आणि बॉलशिवाय हवेत फोरहँड मारायचे. बँक मॅनेजर आणि बिल्डर बाकावर बसून बघायचे. एकाने विचारलं, माशा मारताय का? मी म्हटलं, तुमच्या खेळावर बसल्यात त्याच.

हळूहळू बधिरपणा उतरला. करंगळी परत माझी झाली. एके दिवशी फडकं पिळलं आणि पिळून झाल्यावर लक्षात आलं की कळ आली नाही. फरशी पुसता पुसता मी रडले. नाताळच्या आधी शेख मॅडम म्हणाल्या, “आता बॉल घ्या. पण कुणीतरी हाताने हळू टाकणारं पाहिजे. मशीन नको, जिमखान्यातली मंडळी तर अजिबात नको.”

हाताने हळू बॉल टाकणारा माणूस मला एकच माहीत होता.

मी घरी फक्त निरोप सांगितला, विनंती केली नाही. आमच्यात ती पद्धत नाही. रविवारी मी कोर्टवर पोचले तेव्हा पप्पा आधीच येऊन बसले होते, चर्चचेच कपडे, पायात कॅनव्हासचे बूट. बॉलची पिशवी मांडीवर.

त्यांनी पहिला बॉल टाकला. मी खांदा वळवायचं ठरवलं होतं, पण समोर पप्पा दिसले आणि अंग आपोआप जुन्या ठिकाणी गेलं. मनगटाचा झटका. कोपरात जुनी ओळखीची कळ. त्यांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता ‘आखूड’ येणार. पण त्यांनी ते मिटलं आणि पिशवीत हात घातला. दुसरा बॉल, तसाच झटका. तिसऱ्याला मी रॅकेट खाली टाकून कोपर धरून उभी राहिले.

पप्पांनी पिशवी जाळीला अडकवली. सावकाश चालत माझ्या बाजूला आले आणि मला ओलांडून मागे गेले. परसात न्हाणीघराची भिंत जेवढी मागे असायची तेवढ्यावर उभे राहिले, मग आणखी मागे, पार कुंपणापर्यंत. तिथून वळून, दोन्ही हात पसरून त्यांनी मला ती सगळी मोकळी जागा दाखवली.

“भिंत न्हाई, एस्तेर,” ते म्हणाले. “फिरव.”

परत जाऊन त्यांनी बॉल टाकला. मी वळले. डावा हात रॅकेटच्या गळ्याशी, खांदा मागे, मागे, अजून मागे, कुठेही काही आपटलं नाही. मग पाय, कंबर, खांदा, आणि सगळ्यात शेवटी हात.

बॉल जाळीत गेला. कोपर दुखलं नाही.

“दुसरा टाका,” मी म्हणाले.