आधी गाडी

"बाळंतपण झालंय, बाईला खूप रक्त जातंय. वंदना, पहिल्यांदा काय करशील?"

"गाडी सांगतो, सिस्टर."

मी कपाळाला हात लावला. ओपीडी संपवून आम्ही दोघी ड्रेसिंग रूममध्ये परीक्षेचे प्रश्न सोडवत बसलो होतो. अहेरीच्या पुढे जंगलातल्या एका छोट्या दवाखान्यात मी इन्चार्ज सिस्टर होते. वंदना पोंभुर्ण्याकडची, तलावात मासे धरणाऱ्या घरातली. एएनएमचा नर्सिंग कोर्स केलेला, पण प्रॅक्टिकलमध्ये दोनदा नापास. हा शेवटचा अटेम्प्ट. पास झाली तर नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, नाहीतर जन्मभर रोजंदारीवर आया. मग पेशंटला सुई टोचायचीही परवानगी नाही.

प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत एखादा पेशंट सांगतात आणि तुम्ही क्रमाने काय कराल ते विचारतात. या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट करायचं म्हणजे रक्त आवरतं, डॉक्टरांना बोलवायचं, मग इंजेक्शन, सलाइन. वंदनाला सगळं पाठ होतं. पण सुरुवात ती गाडीनेच करायची, कारण आमच्याकडे तसंच चालायचं. डॉक्टरची जागा रिकामी, ॲम्ब्युलन्स बहुधा बंद. पेशंट गंभीर दिसला की आधी कुणीतरी गावात जीपवाल्याकडे पळायचं.

"अगं, परीक्षेत डॉक्टर शेजारच्या खोलीत असतो," मी वैतागून म्हणाले.

"बोलावलं का तो खरंच येते?"

"येतो."

"मंग तिथली नर्स काऊन घाबरन?" ती म्हणाली, आणि त्या दिवशी सगळी उत्तरं बरोबर दिली. मला वाटलं, जमलं.

परीक्षा गडचिरोलीला झाली. बसमधून उतरणाऱ्या वंदनाचा चेहरा बघूनच मी समजले.

"तोच प्रश्न आला, सिस्टर. तोंडातून गाडीच निघाली. मॅडम म्हणे, तू नर्स आहेस का ड्रायव्हर? सारे हासले. मंग मले पुढचं काईच आठवलं नाई."

निकाल लागला. नापास. त्या मॅडमचा मला फार राग आला, पण माझ्या रागाला कोण विचारतो? वंदना रडलीही नाही. मला तेच जास्त लागलं.

त्याच आठवड्यात एका बाळंतिणीचं रक्त थांबेना. मी पोट चोळत वंदनाला हाक मारली, तर ती खोलीत नव्हती. थोड्या वेळाने दारात जीपचा आवाज आला. पुढे ड्रायव्हरशेजारी वंदना बसली होती. बाई वेळेत अहेरीच्या मोठ्या दवाखान्यात पोचली आणि वाचली.

परीक्षेला जाताना आपला दवाखाना बाहेर ठेवून जावं लागतं. पुढे परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे बजावलं. वंदनाला त्याचा काही उपयोग नव्हता. त्या दिवशी बाईला घेऊन जीप गेल्यावर तिने बादली आणली आणि लेबर रूममधलं रक्त पुसायला बसली. त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही.