दोन सुळक्यांमधला पट्टा

भोपरच्या शेवंतीबाईंच्या लेकीला, दर्शनाला, गावात सर्कसवाली म्हणायचे. म्हणोत बापडे. शाळेत खेळाच्या बाई म्हणून नोकरी करायची आणि सुट्टी लागली की चिंचेच्या दोन झाडांमध्ये दोन बोटं रुंदीचा पट्टा ताणून त्यावर चालायचं, हा तिचा शिरस्ता. चिंचेवरून ती ओढ्यावर गेली, ओढ्यावरून थेट डोंगरात. मलंगगडाच्या रांगेतल्या दोन सुळक्यांमध्ये तिच्या मित्रांनी पट्टा बांधला होता आणि खाली नुसती दरी. तिथून आजवर एकही बाई पार गेली नव्हती. दर्शना तीनदा निघाली आणि तिन्ही वेळा मधोमध पडली. कमरेच्या दोराने वाचली, पण व्हिडिओ आईपर्यंत पोचला.

"दोरीवर कपडे सुकवतात, पोरी नाय," शेवंतीबाई म्हणाल्या. मासळीबाजारात भल्याभल्यांची बोलती बंद करणारी बाई ती. त्यांनी अट घातली: आणखी एकदाच, तेही माझ्या डोळ्यांसमोर, आणि पडलीस तर पट्टा कायमचा गुंडाळायचा. दर्शना कबूल झाली खरी, पण पट्टा सोडून आपल्याला दुसरं काही धड येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या रविवारी पदर खोचून शेवंतीबाई पोरांच्या आधी वर पोचल्या आणि अलीकडच्या कड्यावर दोर सांभाळणाऱ्या अनिमेषच्या शेजारी बसल्या. पलीकडच्या सुळक्यावर दुसरा मित्र, संदेश, उभा होता.

"येते गं," म्हणत दर्शनाने पट्ट्यावर पाय ठेवला. काय मजा आली म्हणून सांगू! वारा पडलेला, पट्टा पायाखाली जिवंत, आणि ती हात पसरून झपाझप निघाली. मध्यावर मात्र नेहमीची गोची झाली. अंग लाकडासारखं ताठ झालं. ती पटकन पट्ट्यावर बसली. बसणं म्हणजे पडणं नव्हे, एवढं आईलाही मान्य होतं.

"दर्शना, येतेस ना गं?" पलीकडून संदेश ओरडला.

"येते!"

आता आपल्याकडे घरातून निघतानाही 'येते' म्हणतात, त्यामुळे या शब्दाला दिशा अशी नसतेच. शेवंतीबाईंना वाटलं, पोरगी शहाणी झाली, मागे फिरली. त्यांचा जीव भांड्यात पडला. "ये गो बाय, सावकाश ये," म्हणेपर्यंत दर्शना उठली आणि त्यांच्याकडे पाठ करून चालू लागली.

"आगो, तिकरं कनाला चाललीस? घर इकरं हाय!"

सगळ्या दरीत ते घुमलं. दर्शनाला हसू फुटलं, आवरेना. पोट हललं, खांदे सुटले, गुडघे मऊ पडले, आणि इतके दिवस ज्या जागेने तिला खाली फेकलं होतं ती जागा हसता हसता मागे गेली. मग पाय आपसूक पडत राहिले. कातळाला हात लागला तेव्हा संदेशने शिट्ट्यांवर शिट्ट्या मारल्या. दर्शना खाली बसून आनंदाने ढसाढसा रडली.

अलीकडच्या कड्यावर आई कमरेवर हात ठेवून उभी होती. आता शिव्या बसणार, असं धरून दर्शनाने हाक मारली, "आई, वाटेने उतरून येते. संध्याकाळ होईल."

"वाटनं कनाला?" शेवंतीबाईंचा आवाज आला. "गेली तशीच पट्ट्यावरनं ये. मना अजून यकदा बघाचं हाय."