जिन्यातली पत्र्याची नळी

बहरीनमध्ये थंडी पडते असं सांगितलं की अकोल्याची माणसं हसतात. हसू द्यावं. त्यांनी इथल्या झिंज वस्तीतल्या एखाद्या फ्लॅटच्या फरशीवर जानेवारीत अनवाणी उभं राहून दाखवावं, मग बोलू. इथली घरं बांधतात ती उन्हाळ्याच्या धाकानं. भिंतीला एसीची भोकं, खिडक्यांना फटी, आणि समुद्रावरून वारं सुटलं की ते घरात मालकासारखं फिरतं. त्यात शाळेला सुट्टी. पोरं खाली पार्किंगमध्ये पाच मिनिटं टिकत नाहीत. वर येऊन पांघरुणात टॅबलेट घेऊन बसतात आणि आया दिवसभर त्यांच्या नावानं ओरडत असतात.

दशरथ तायडेला मात्र ही थंडी प्यारी. तो सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये डक्टमन आहे. मोठ्या इमारतींच्या छतात एसीची हवा वाहून नेणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे असतात, ते कापायचे, वाकवायचे आणि जोडायचे, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. हात असा बिनचूक की फोरमन टेपनं मापायच्या भानगडीत पडत नाही. पण उन्हाळ्यात पहाटे पाचला गेलेला हा माणूस रात्री नऊला घरी यायचा. थंडीत एसी कुणाला आठवत नाही, म्हणून तीन वाजताच सुटका.

गेल्या एप्रिलमध्ये त्याला एकदाचा फॅमिली व्हिसा मिळाला आणि ज्योत्स्ना आणि दहा वर्षांची संघप्रिया अकोल्याहून आल्या. तोवर पोरीनं बाप पाहिला होता तो पाच रजांमध्ये, महिना-महिनाभर. इथं आल्यावर तर तेवढाही दिसेना. ती उठायच्या आत हा गेलेला, आणि हा यायच्या आत ती झोपलेली. दशरथनं काही विचारलं की ती "हो" किंवा "नाही" म्हणायची, पाहुण्याशी बोलावं तसं. इमारतीतली पोरं इंग्रजीत भांडायची, इंग्रजीतच खेळायची. ही दाराआडून बघायची.

डिसेंबरच्या शेवटी ज्योत्स्नानं स्पष्टच सांगितलं, "हे पाहा, पोरीचं मन नाही लागलं अठी, तं मार्चात आम्ही जातो अकोल्याले. उन्हाळा लागला का तुम्ही काही आम्हाले दिसत नाही."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. दशरथच्या हातात दोन महिने होते. पोरीशी ओळख करून घ्यायला बापाला मुदत पडावी, याची त्याला लाज वाटली. पण नुसत्या लाजेनं काय होतं? गोड बोलणं त्याला जमत नव्हतं. जमत होता तो पत्रा.

फोरमनला विचारून त्यानं कापून उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या घरी आणायला सुरुवात केली. वॉचमनलाही पटवलं. तो म्हणाला, "स्कूल खुला के खलास, निकालने का." मग रोज दुपारी दशरथ जिन्यात बसून चार बोटं रुंदीची चौकोनी नळी जोडू लागला. तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत, कठड्याला तारेनं बांधलेली, प्रत्येक वळणावर सफाईदार कोपरा घेतलेली. वरून काचेची गोटी सोडायची, ती खडखडत तीन मजले उतरून खाली यायची, असा बेत. नळी चारही बाजूंनी बंद. उघडी ठेवली असती तर गोटी दिसली असती, हे खरं, पण डक्टवाल्याला डक्ट उघडा ठेववत नाही.

पाचव्या दिवशी सगळी पोरं टॅबलेट टाकून जिन्यात जमली. दुसऱ्या मजल्यावरच्या, कोकणातल्या नझीरभाईंची मुलगी हुदा गोटी घेऊन वर उभी राहिली. "यल्ला! कम ऑन!" सगळे ओरडले. गोटी सुटली, खडखडली, आणि मध्येच गप्प झाली. दुसरी सोडली, तीही गप्प. तिसरीही गेली त्यांच्या सोबतीला. नळी हलवली की गोट्या सुटायच्या आणि पुढच्या वळणावर पुन्हा अडून बसायच्या.

नझीरभाई दारातून म्हणाले, "दशरथभाय, तुमच्या डक्टात हवा पण अशीच अडकता काय?"

पोरं हसली आणि एकेक करून पांगली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दशरथनं उतार तपासला, कोपरे तपासले. काम चोख होतं. चोख कामात चूक शोधायची तरी कुठं? त्याला स्वतःचाच संताप आला.

संघप्रिया तेवढी गेली नव्हती. ती पायरीवर बसून पत्र्याला कान लावून होती.

"बाबा, अजून एक सोडा."

त्यानं सोडली. तिनं एका जोडावर बोट ठेवलं. "अठी टक् म्हन्ते."

"तो जोड पक्का हाय बाई. मी सगळीकडे तसाच लावतो. हवा बरोबर जाते."

"पण गोटी काय हवा हाय का?"

दशरथ खालीच बसला. प्रत्येक जोडावर त्यानं नेहमीसारखी दुमडलेली पट्टी आत सरकवली होती. तिची कड आत जेमतेम दोन दोऱ्यांच्या जाडीएवढी वर येते. हवा तिच्यावरून निघून जाते, तिला पत्ताही लागत नाही. जिन्याच्या उतारावर गोटीनंही उड्या मारल्या असतील, पण वळणावर, जिथं नळी जवळजवळ सपाट होती, तिथं तीच कड तिला भिंतीसारखी आडवी आली. बावीस वर्षं हवा वाहिलेल्या हातांना दुसरं काही सुचलंच नव्हतं. आणि हे दहा वर्षांच्या पोरीनं एका वाक्यात सांगितलं होतं.

मग सगळे जोड सोडवले. वरच्या तुकड्याचं तोंड खालच्या तुकड्यात घातलं, कौलावर कौल चढवतात तसं, म्हणजे वाटेत कड येणारच नाही. संघप्रिया प्रत्येक जोडाला कान लावायची, दशरथ गोटी सोडायचा. "टक्," ती म्हणायची, की कात्री आलीच. एका जोडाला त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, तरी ती अडून बसली. उघडून पाहिलं तर केसाएवढी कड निघाली. चार दिवस हे चाललं आणि त्या चार दिवसांत पोरगी इतकं बोलली की दशरथला कधीकधी काम थांबवून ऐकावं लागलं. अकोल्याच्या शाळेतलं भांडण, इथल्या बाईंचं इंग्रजी, सगळं.

सुट्टीच्या शेवटच्या शुक्रवारी गोटी तिसऱ्या मजल्यावरून सुटली आणि कुठंही न थांबता तळाशी ठेवलेल्या डब्यात ठण्णकन पडली. जिना दणाणला. हुदानं संघप्रियाचा हात धरला आणि "अगेन, अगेन" करत तिला वर ओढत नेलं. दशरथनं मॉल केले, हॉस्पिटलं केली, ते सगळं छताआड गेलं, कुणाच्या नजरेस पडलं नाही. हे काम इमारतीतला प्रत्येक माणूस येता-जाता थांबून बघत होता. नझीरभाईंनीसुद्धा स्वतः तीन गोट्या सोडल्या.

ठरल्याप्रमाणे शाळा उघडायच्या आदल्या दिवशी नळी उतरवली. संध्याकाळी जेवताना ज्योत्स्नानं विषय काढलाच. "काय गं, पाहाचं ना मंग मार्चातलं तिकीट?"

"आता कशी जाऊ मी?" संघप्रिया वैतागून म्हणाली. "पुढच्या थंडीत गच्चीपासून लावाची हाय. जोड कोन तपासन? बाबाले येते का ऐकू?"

"नाही येत," दशरथ म्हणाला. "मले खरंच नाही येत." आणि हे कबूल करताना त्याला जेवढा अभिमान वाटला, तेवढा बावीस वर्षांत आपल्या कुठल्याच कामाचा वाटला नव्हता.